चाळीस वर्षांपूर्वीचं ॲस्बेस्टॉस आणि आज छातीत झालेलं पाणी: मेसोथेलिओमाचं निदान आणि उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ७१. तरुणपणी बारा वर्षं बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारा ॲस्बेस्टॉसचा थर, चढवण्याचं काम केलं, ते सोडूनही चाळीस वर्षं झाली. दोन महिन्यांपासून चालताना दम लागतो, उजव्या कुशीत जडपणा आहे. एक्स-रेमध्ये उजवीकडे पाणी दिसलं, दीड लिटर काढलं, तपासणीत ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं. तीन आठवड्यांत पाणी पुन्हा भरलं. आता डॉक्टर मेसोथेलिओमाची, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाच्या कॅन्सरची, शंका बोलून दाखवतात. खात्री कशी करायची, उपचार काय, आणि त्यांचे कामाचे कपडे धुणाऱ्या आईला नि घरातल्या मुलांना धोका आहे का?

पाण्यात पेशी सापडल्या नाहीत म्हणून आजार नाही, असं समजू नका. मेसोथेलिओमात पाण्याच्या तपासणीतून निदान साधारण तिघांपैकी एकाचंच होतं. बाकीच्यांच्या पाण्यात पेशी एक तर उतरतच नाहीत, किंवा उतरल्या तरी सुजेमुळे बदललेल्या साध्या पेशींसारख्या दिसतात. पुन्हा पाणी काढा, पुन्हा तीच तपासणी करा, अशा फेऱ्यांत महिने जातात. ॲस्बेस्टॉसचं काम केलेल्या माणसाच्या छातीत एकाच बाजूला, कारण न कळणारं पाणी झालं तर पुढची पायरी म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासणं. माझा सगळा भर त्यावर आहे, कारण कोणता उपचार द्यायचा हेही त्या तुकड्यातल्या पेशींवरच ठरतं.

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरं. या दोन पदरांना मिळून प्लुरा म्हणतात. त्यांच्यामध्ये एरवी दोन-चार चमचे द्रव असतो, त्यामुळे श्वास घेताना फुफ्फुस अलगद सरकतं. या पदरांवरच्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. हा फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हे. फुफ्फुसाचा कॅन्सर फुफ्फुसाच्या आत गाठीसारखा वाढतो, तर हा सालीसारखा पसरतो आणि फुफ्फुसाला बाहेरून जखडतो. बहुतेक रुग्णांत तो छातीत होतो. थोड्यांमध्ये पोटाच्या आवरणात होतो, आणि हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणात फारच क्वचित.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचं नाव नाही. पांढरं क्रिसोटाइल, निळं क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट आणि ट्रेमोलाइट, ॲन्थोफिलाइट, ॲक्टिनोलाइट अशी सहा तंतुमय खनिजं या नावाखाली येतात. सहाही कॅन्सरकारक आहेत. निळं आणि तपकिरी मेसोथेलिओमासाठी जास्त घातक, कारण त्यांचे तंतू सरळ, सुईसारखे असतात आणि शरीरात दशकानुदशकं विरघळत नाहीत. पांढरं त्यामानाने लवकर तुटतं, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

वडिलांच्या कामाचं उदाहरण घ्या. लॅगिंगचा माल बहुधा कोरड्या भुकटीच्या गोणीत यायचा. गोणी फाडून बादलीत ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची आणि नळीवर थापायची. दुरुस्तीच्या वेळी तोच वाळलेला थर हातोडीने फोडायचा, करवतीने कापायचा. सर्वांत जास्त तंतू हवेत उडतात ते गोणी ओतताना आणि जुना थर फोडताना. हे तंतू केसापेक्षा कित्येक पट बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, घशाला खवखवत नाहीत, खोकलाही येत नाही. श्वासाबरोबर गेलेल्यांपैकी लांब आणि बारीक तंतू प्लुरापर्यंत पोहोचतात. छातीच्या भिंतीकडच्या पदराला द्रव शोषून घेणारी सूक्ष्म भोकं असतात, त्यांत ते अडकतात. सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण तंतू पेशीपेक्षा लांब असल्याने ते जमत नाही. मग सूज धुमसत राहते आणि पेशी वाढीला आवर घालणाऱ्या बीएपी१, सीडीकेएन२ए, एनएफ२ या जनुकांत बिघाड साचत जातो. म्हणूनच पहिल्या संपर्कापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. काम सोडून चाळीस वर्षं झाली ही गोष्ट मेसोथेलिओमाच्या विरोधात जात नाही. उलट हाच त्याचा नेहमीचा काळ.

धूम्रपानाबद्दल नेहमी गोंधळ होतो. सिगारेट-विडीने मेसोथेलिओमा होत नाही. मात्र ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा खूप वाढतो. तेव्हा ‘वडील कधी विडी ओढत नव्हते, मग हे कसं?’ या प्रश्नात आश्चर्य काही नाही. आणि जे ओढत असतील त्यांनी ती सोडण्याचं कारण फुफ्फुसाचा कॅन्सर आहे.

ॲस्बेस्टॉसमुळे छातीत होणारं सगळंच कॅन्सर नसतं. सीटी स्कॅनमध्ये ‘प्लुरल प्लाक’ लिहिलेलं वाचून घरची माणसं हादरतात. प्लाक म्हणजे आवरणावरचे कडक, चुना साठलेले पट्टे. ते संपर्काची खूण आहेत, त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुफ्फुसाच्या आतलं घट्टपण, ते बहुधा वर्षानुवर्षं भरपूर धूळ गेल्यावर येतं. ॲस्बेस्टॉसमुळे साधं पाणीही होऊ शकतं आणि ते आपोआप ओसरतंही. पण ‘हे साधं पाणी आहे’ असं म्हणण्याचा अधिकार नीट तपासणी होऊन, पुढची दोन-तीन वर्षं लक्ष ठेवल्यावरच मिळतो.

आता तपासण्यांचा क्रम. तो चुकला की पुढच्या तपासण्या निकामी होतात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

पहिलं काम घरीच करायचं आहे: वडिलांच्या कामाचा इतिहास लिहून काढा. पहिल्या नोकरीपासून शेवटच्या नोकरीपर्यंत, वर्ष, जागा, नेमकं काम. फक्त ‘फिटर’ किंवा ‘मजूर’ लिहून भागत नाही. हाताने काय हाताळलं, काय कापलं, शेजारी दुसरे कोण काय काम करत होते, हवा बंद होती की उघडी, हे सगळं लिहा. लॅगिंग, बॉयलरचे दोर आणि गॅस्केट, ब्रेक लाइनिंग, सिमेंटचे पत्रे आणि पाइप, आगरोधक पाट्या, जहाजबांधणी, जुन्या इमारती पाडणं, या कामांची आठवण मुद्दाम करून द्या. नात्यात कुणाला मेसोथेलिओमा, डोळ्याचा मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर) किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला असेल तर तेही लिहा. बीएपी१ जनुकात जन्मजात दोष असलेल्या घराण्यांत हे आजार एकत्र दिसतात. कागद एक पान पुरे. डॉक्टरांकडे, पॅथॉलॉजिस्टकडे आणि पुढे नुकसानभरपाईच्या कामातही तो लागतो.

मग पाण्याची तपासणी. पाणी काढणं श्वास मोकळा होण्यासाठी गरजेचं आहेच, पण दर वेळी अल्ट्रासाउंड लावूनच काढावं आणि एका बैठकीत साधारण दीड लिटरवर थांबावं. त्याहून जास्त झपाट्याने काढलं तर दबलेलं फुफ्फुस एकदम उघडतं आणि त्यातच पाणी उतरू शकतं. काढताना छातीत आवळल्यासारखं झालं किंवा खोकल्याची उबळ आली तर आधीच थांबायचं. पेशींच्या तपासणीसाठी चमचाभर नमुना पाठवून उपयोग नाही, ५० ते ६० मिली तरी हवा, आणि त्यातून सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी एकत्र करून तुकड्यासारखा तपासता येणारा नमुना) बनवायला सांगावा. त्याच पाण्यात प्रथिनं, एलडीएच, ग्लुकोज, पीएच आणि जंतूंचं कल्चर होतं.

इथे एक मोठा चकवा आहे. मेसोथेलिओमाच्या पाण्यात बहुधा लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त असतात, प्रथिनं जास्त असतात. क्षयाच्या पाण्याचंही अगदी तसंच असतं. क्षय ओळखण्यासाठी वापरली जाणारी एडीए चाचणीसुद्धा कधीकधी मेसोथेलिओमात वाढलेली येते. त्यामुळे क्षयाची औषधं सुरू होतात, पाणी काही आठवडे थोडं कमी-जास्त होतं आणि चार-सहा महिने निघून जातात. क्षयाचा जंतू सापडला नसेल, औषधं घेऊनही पाणी भरत असेल किंवा वजन उतरतच असेल, तर औषधांचा कोर्स पूर्ण व्हायची वाट बघू नका.

पाणी थोडं कमी झाल्यावर छाती आणि वरच्या पोटाचा सीटी स्कॅन, शिरेतून रंगद्रव्य देऊन. आवरण चांगलं उठून दिसावं म्हणून रंगद्रव्य दिल्यानंतर थोडं थांबून, प्लुरासाठीच्या वेळेला प्रतिमा घेतात, हे रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीत लिहून दिलेलं बरं. कॅन्सरकडे बोट दाखवणाऱ्या खुणा चार: आवरणाची जाडी १ सेंटिमीटरपेक्षा जास्त, गाठीगाठींचं जाड होणं, फुफ्फुसाला चारही बाजूंनी वेढणारी साल, आणि हृदयाकडच्या बाजूचं आवरण जाड होणं. आणखी एक गोष्ट अनुभवी नजरेला दिसते. इतकं पाणी असूनही ती बाजू फुगण्याऐवजी आखडलेली असते. मात्र सुरुवातीच्या आजारात सीटीत नुसतं पाणीच दिसतं, साल दिसतच नाही. स्कॅन चांगला आला म्हणून बायोप्सी टाळू नये.

कॅन्सर कुठे पसरलाय ते चमकवून दाखवणारा पेट स्कॅन करायचाच असेल तर छातीत टाल्क (पाणी भरू नये म्हणून दोन पदर चिकटवणारी पूड) टाकण्याच्या आधी करा. टाल्कमुळे होणारी सूज पेट स्कॅनवर कॅन्सरसारखी चमकते आणि ती चमक वर्षानुवर्षं राहू शकते. ही चूक बऱ्याचदा होते. पाण्याचा त्रास लवकर मिटावा म्हणून टाल्क आधी टाकलं जातं आणि मग पसरलेला आजार कुठला नि टाल्क कुठलं हेच कळेनासं होतं.

आता तुकडा. त्याचे दोन चांगले मार्ग आहेत. आवरण जाड दिसत असेल तर सीटी किंवा अल्ट्रासाउंडवर बघत जाड सुईने तुकडा घेता येतो. पाणी भरपूर असेल आणि साल फारशी दिसत नसेल, तर थोरॅकोस्कोपी. ही जागा बधिर करून, थोडं गुंगीचं औषध देऊनही करता येते. भूल देऊन व्हिडिओवर केली तर तिला व्हॅट्स म्हणतात. बरगड्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन दुर्बीण आत घालतात, सगळं पाणी शोषून घेतात आणि आवरण डोळ्यांनी बघतात. निरोगी आवरण पातळ, चकचकीत असतं, त्यातून खालच्या बरगड्या आणि रक्तवाहिन्या दिसतात. मेसोथेलिओमात बहुधा भिंतीकडच्या आवरणावर पांढरट-पिवळट दाणे, कुठे द्राक्षांसारखे घोस, कुठे नुसता जाड कातड्यासारखा थर दिसतो. या मार्गाने दहापैकी नऊहून अधिक रुग्णांचं निदान पक्कं होतं. न बघता, अंदाजाने सुई घालून आवरणाचा तुकडा घेण्याची जुनी पद्धत कॅन्सरच्या शंकेत वापरू नये. आजार ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि सुई नेमकी मोकळ्या जागी जाते.

तुकडे घेतानाचा तपशील निदानाइतकाच महत्त्वाचा. किमान तीन वेगवेगळ्या भागांतून तुकडे हवेत, आणि ते वरवर खरवडलेले नकोत. आवरणाखालची चरबी त्यात आली पाहिजे. कारण सुजेने वाढलेल्या साध्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असू शकतात, पण साध्या पेशी चरबीत घुसत नाहीत. चरबीत घुसलेल्या पेशी दिसल्या की बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) टाकू नयेत. एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवून क्षयाच्या कल्चरला पाठवावा, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग ती तपासणी होऊच शकत नाही. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती किती दिवस आधी थांबवायची हे तारीख ठरतानाच विचारा. ऐन दिवशी कळलं की तारीख पुढे जाते. आणि स्वतःच्या मनाने ती बंदही करू नका.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तुम्ही तीन गोष्टी शोधा. पहिली, या पेशी मेसोथेलियमच्याच, म्हणजे आवरणाच्याच, आहेत याचा पुरावा. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१, सीके५/६, डी२-४० यांपैकी किमान दोन सकारात्मक, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरकडे झुकणारे टीटीएफ-१, सीईए, क्लॉडिन-४, बर-ईपी४ यांपैकी किमान दोन नकारात्मक असायला हवेत. दुसरी, पेशी कॅन्सरच्याच आहेत याचा पुरावा: चरबीत घुसणं, किंवा बीएपी१ अथवा एमटीएपी ही प्रथिनं पेशींतून नाहीशी होणं. ती शाबूत असली तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे प्रकार. रिपोर्टमध्ये नुसतं ‘मेसोथेलिओमा’ लिहिलं असेल आणि प्रकार लिहिला नसेल तर तो अर्धाच रिपोर्ट आहे, विचारून पूर्ण करून घ्या. एपिथेलिऑइड हा सर्वांत जास्त आढळणारा, त्यातल्या त्यात सावकाश वाढणारा. सार्कोमॅटॉइडमध्ये पेशी लांबट, तर्कूसारख्या असतात. तो आक्रमक असतो आणि त्याच्या पेशी पाण्यात जवळजवळ उतरतच नाहीत. दोन्हींचं मिश्रण म्हणजे बायफेजिक, इवल्याशा तुकड्यात त्यातला एक घटक आलाच नाही तर तो हुकू शकतो. हा आजार दुर्मीळ आहे. जगभरात वर्षाला सुमारे ३० हजार नवे रुग्ण, त्यामुळे बऱ्याच पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखाली वर्षातून एखाददुसराच येतो. म्हणून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही मागून घेऊन मेसोथेलिओमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही, हीच रीत आहे.

तुकड्यात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले नाहीत म्हणून ‘हे ॲस्बेस्टॉसमुळे नाही’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. ते कण फुफ्फुसात शोधतात, प्लुराच्या तुकड्यात बहुधा नसतातच. कारण ठरवायला कामाचा इतिहास आणि पहिल्या संपर्कानंतर किमान दहा वर्षांचं अंतर पुरतं. हेलसिंकीत १९९७ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या आणि २०१४ साली सुधारलेल्या निकषांत हेच आहे. रक्तातली मेसोथेलिन चाचणी निदानासाठी पुरेशी नाही, तिच्यावर तुकड्याचं काम भागवू नका.

उपचाराबद्दल स्पष्ट लिहितो. छातीतला मेसोथेलिओमा पूर्ण बरा होणं अत्यंत दुर्मीळ आहे. उपचारांनी आयुष्य वाढतं, पाणी आटोक्यात येतं, दुखणं कमी होतं. एके काळी फुफ्फुस, आवरण आणि छाती-पोटामधला पडदा सगळं काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया करत. ब्रिटनमधल्या मार्स चाचणीनंतर (रुग्णांचे गट करून उपचारांची तुलना करणारा अभ्यास) तिचा पाया डळमळला. मग फुफ्फुस ठेवून फक्त साल सोलून काढण्यावर भर आला. मार्स-२ चाचणीत ३३५ रुग्णांमध्ये तिचीही परीक्षा झाली आणि २०२४ साली निकाल आला: केमोसोबत शस्त्रक्रिया झालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो काळ) १९.३ महिने, फक्त केमो मिळालेल्यांचं २४.८ महिने. शस्त्रक्रियेत गंभीर त्रासही जास्त. त्यामुळे ‘ऑपरेशन करून सगळं काढून टाकू’ असं कुणी सांगितलं तर मार्स-२ बद्दल थेट विचारा आणि दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. पाणी आवरण्यासाठीची किंवा तुकड्यासाठीची छोटी शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट आहे, तिला घाबरू नका.

औषधांत मुख्य मार्ग दोन. पहिला केमोथेरपी: पेमेट्रेक्सेड शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५०० मिग्रॅ आणि सिस्प्लॅटिन ७५ मिग्रॅ, दर २१ दिवसांनी, चार ते सहा वेळा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने मध्यक आयुष्य एकट्या सिस्प्लॅटिनच्या ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेलं. सिस्प्लॅटिन झेपत नसेल, मूत्रपिंड किंवा कान कमजोर असतील तर त्याऐवजी कार्बोप्लॅटिन देतात. दुसरा मार्ग इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं: निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब, जास्तीत जास्त दोन वर्षं. चेकमेट ७४३ चाचणीत या जोडीचं मध्यक आयुष्य १८.१ महिने होतं, केमोचं १४.१. पण खरा फरक प्रकारानुसार पाहिल्यावर दिसतो. सार्कोमॅटॉइड आणि बायफेजिक रुग्णांत १८.१ विरुद्ध ८.८ महिने, म्हणजे दुपटीहून जास्त. एपिथेलिऑइडमध्ये फरक थोडाच. तुकड्यातला प्रकार विचारा असं मी इतकं का म्हणतो ते इथे दिसतं. सार्कोमॅटॉइड किंवा बायफेजिक असेल आणि तब्येत साथ देत असेल तर इम्युनोथेरपी आधी. एपिथेलिऑइडमध्ये दोन्ही मार्ग खुले आहेत, केमोला पेम्ब्रोलिझुमॅब किंवा बेव्हासिझुमॅबची जोडही देता येते, आणि निवड वय, इतर आजार आणि औषध मिळण्यावर ठरते. संधिवात, आतड्यांची सूज असे स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार असतील तर इम्युनोथेरपीआधी ते सांगितलेच पाहिजेत.

मध्यक म्हणजे तुमच्या वडिलांची मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात. इम्युनोथेरपी घेतलेल्यांपैकी जवळपास २३ टक्के तीन वर्षांनंतरही हयात होते.

केमोत जे बिघडतं ते बहुतेक वेळा तयारी अपुरी राहिल्याने. पेमेट्रेक्सेड पेशींतला फॉलेटचा मार्ग अडवतं, म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या डोसच्या आठवडाभर आधीच सुरू व्हायला हवं. पुढे बी१२ दर नऊ आठवड्यांनी, आणि फॉलिक ॲसिड शेवटच्या डोसनंतरही तीन आठवडे. ‘जीवनसत्त्वाची गोळी आहे, राहिली तर काय’ असं म्हणून ती सुटली की पांढऱ्या पेशी कोसळतात, तोंड फोडांनी भरतं. अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ दिवसातून दोनदा, केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ४५ मिलीपेक्षा कमी असेल तर पेमेट्रेक्सेड देत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडातून या औषधाचा निचरा मंदावतात, तेव्हा केमोच्या आगेमागे त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. छातीत भरपूर पाणी असेल तर ते आधी काढावं. औषध त्या पाण्यात साठून हळूहळू रक्तात परतू शकतं आणि त्रास लांबतो. केमो चालू असताना ताप १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला तर रात्र काढू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.

इम्युनोथेरपीचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. इथे स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतडी, यकृत, फुफ्फुस, थायरॉइड, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी, क्वचित हृदय यांवर उलटते. रोजच्यापेक्षा चार-पाच जुलाब जास्त, नवा कोरडा खोकला, आधीपेक्षा वाढलेला दम, डोळे पिवळे होणं, सतत डोकेदुखी, उठवत नाही इतका थकवा, यांतलं काहीही दिसलं की औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन घरी बसणं धोक्याचं, कारण इथे उपाय स्टिरॉइड असतो आणि तो वेळेवर लागतो. हा त्रास औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘हे इम्युनोथेरपीवर होते’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

पाणी पुन:पुन्हा भरत असेल तर दर वेळी सुईने काढत राहण्यात अर्थ नाही. पाणी काढल्यावर फुफ्फुस पूर्ण उघडत असेल तर टाल्क टाकून दोन्ही पदर चिकटवता येतात. साधारण ४ ग्रॅम निर्जंतुक टाल्क लागतं, आणि त्यानंतर एक-दोन दिवस ताप नि दुखणं अपेक्षित आहे. थोरॅकोस्कोपीच्या वेळीच ते टाकता येतं, पण आवरण पाहून कॅन्सरची दाट शंका असेल तरच, आणि पेट स्कॅनची गरज आधीच ठरलेली असेल तर. फुफ्फुस सालीत जखडलं असेल, उघडतच नसेल, तर पदर एकमेकांना टेकत नाहीत आणि टाल्क फुकट जातं. अशा वेळी छातीत कायमची बारीक नळी बसवतात. घरीच एक दिवसाआड बाटली जोडून पाणी काढता येतं, एका वेळी साधारण एक लिटरपर्यंत. तोंडाला झडप असते, बाटली नसताना हवा आत जात नाही. ड्रेसिंग बदलताना हात धुणं, नळीच्या भोवती लाली, पू किंवा ताप आला तर कळवणं, एवढी शिस्त पाळली की आठवड्याच्या रुग्णालयाच्या फेऱ्या वाचतात.

दुखणं या आजारात चिवट असतं, कारण साल बरगड्यांमधल्या नसांवर दाबते. साध्या गोळ्या पुरत नाहीत. मॉर्फिन आणि नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन एकत्र लागतात. मॉर्फिन म्हणजे शेवट आला असं समजून वडिलांना दुखत ठेवू नका. कमी मात्रेत काहींचा दमही त्याने हलका होतो. मात्र पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाचं औषध सोबत द्या, ते न दिल्यानेच बरेच रुग्ण मॉर्फिन सोडतात. एकाच जागी दुखत असेल किंवा सुईच्या वाटेवर त्वचेखाली गाठ आली असेल तर तेवढ्या भागाला किरणोपचार देतात, साधारण २० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) पाच दिवसांत. गाठ येऊ नये म्हणून आधीच किरण देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. पॅलिएटिव्ह (दुखणं आणि त्रास हलका करणाऱ्या) डॉक्टरांशी ओळख पहिल्या महिन्यातच करून घ्या. कॅन्सरचे उपचार आणि त्यांचं काम एकाच वेळी चालतं.

पोटातल्या मेसोथेलिओमाचा मार्ग मात्र वेगळा. तिथे पोट फुगतं, पाणी साठतं, भूक मरते. ज्यांचा आजार काढता येण्याजोगा आहे आणि तब्येत धडधाकट आहे, त्यांच्यात सगळी साल काढून त्याच शस्त्रक्रियेत ४० ते ४२ अंश सेल्सिअस तापवलेलं केमोचं औषध पोटात साधारण तास-दीड तास फिरवतात. निवडलेल्या ४०५ रुग्णांच्या एका मोठ्या संकलनात यातलं मध्यक आयुष्य ५३ महिने आलं. छातीतला आजार बघणाऱ्या डॉक्टरांनी ‘शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ म्हटलेलं ऐकून पोटाच्या रुग्णाने हा मार्ग सोडू नये. तो वर्षाला अशा बऱ्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच करावा.

निदान पक्कं झालं की त्यात प्रकार आणि ‘ॲस्बेस्टॉसशी संबंधित’ हे शब्द असलेलं लेखी पत्र मागून घ्या. बऱ्याच देशांत मेसोथेलिओमा व्यावसायिक रोग म्हणून नोंदला जातो आणि भरपाईचा दावा करण्याची मुदत निदानाच्या तारखेपासून मोजली जाते. जुनी ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या, तेव्हाच्या सहकाऱ्यांचे लेखी जबाब वडिलांना नीट बोलता येतंय तोवर गोळा करा.

आता आई आणि तुम्ही. घरी आलेल्या कपड्यांवरून मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत. कपडे झटकताना आणि धुण्याआधी खिसे उलटताना तंतू उडायचे. त्यामुळे आईला धोका आहे, पण तो रोज काम करणाऱ्याच्या धोक्यापेक्षा बराच कमी आहे, आणि कामगारांमध्येही बहुतेकांना हा आजार होत नाही. तुम्हा मुलांचा धोका त्याहूनही कमी. लक्षणं नसताना दरवर्षी सीटी किंवा रक्ताची चाचणी करून मेसोथेलिओमाने होणारे मृत्यू कमी होतात असा पुरावा नाही, उलट निरुपद्रवी ठिपक्यांच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा लागतो. करायचं एवढंच: घरात कुणी धूम्रपान करत असेल तर थांबवा, आईच्या आरोग्याच्या कागदांवर हा संपर्क लिहून ठेवा, आणि तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा दम, छातीत एका बाजूचं दुखणं किंवा पोट फुगणं जाणवलं तर डॉक्टरांना ॲस्बेस्टॉसची गोष्ट आधी सांगा.

माळ्यावर किंवा पेटीत त्या काळचे कामाचे कपडे, हातमोजे, दोरांची गुंडाळी उरली असेल तर ती उघडून झटकू नका, झाडू मारू नका, घरातला व्हॅक्यूम फिरवू नका. पाण्याचा बारीक फवारा मारून भिजवा, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकावर एक बंद करा, वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. हे करताना कापडी किंवा साधा शस्त्रक्रियेचा मास्क उपयोगाचा नाही. एफएफपी३ दर्जाचा (अतिबारीक धूळ गाळणारा), चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.